उजवा पाय

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, झाला आणि विनिताबाईंच्या हातून एक गोष्ट धड होईना. सोमवारी त्यांनी चहात मीठ घातलं. मंगळवारी सकाळी चर्चच्या कपाटाची किल्ली तासभर शोधली, ती निघाली फ्रिजमध्ये, अंड्यांच्या कप्प्यात. आणि त्याच दिवशी एका पायात बाहेरची चप्पल आणि दुसऱ्या पायात घरातली रबरी सपात घालून त्या थेट मार्केटपर्यंत चालत गेल्या. भाजीवाल्या वेणूने पालकाच्या जुड्यांमागून मान उंच करून विचारलं, "टीचर, ही काय नवीन फॅशन हाय का?" विनिताबाई हसल्या, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

लोक म्हणाले, टीचरना कामाचा ताण आहे. ताण होताच म्हणा. पवित्र आठवडा म्हणजे कुठल्याही चर्चमध्ये लगीनघाई, त्यात पनवेलच्या ह्या चर्चमध्ये गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, वसईचे आणि इथले जुने ईस्ट इंडियन असे सगळे एका छपराखाली. कुठलं गाणं कुठल्या भाषेत म्हणायचं, यावरून दरवर्षी रुसवेफुगवे ठरलेले. अशा जागी न्याय आणि शांती मंडळ चालवायचं तर अंगात धमक लागते, आणि ती विनिताबाईंकडे होती. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.

ह्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळाची कल्पना त्यांचीच होती. ईस्टरआधीचे चाळीस दिवस कोणावर हात उगारायचा नाही, कोणाला शिवी द्यायची नाही, घरातसुद्धा आवाज चढवायचा नाही. त्याची छापील कार्डं घरोघर वाटली, खाली सही करून फ्रिजवर लावायची. चारशे घरांतून तीनशे दहा सह्या आल्या. शिवाय पोलीस चौकीच्या शांतता समितीवर ख्रिस्ती समाजाच्या वतीने बसायच्या त्याही विनिताबाईच. सणासुदीच्या आधी बैठक, चहा, बिस्किटं आणि सर्वांनी सलोख्याने राहावं असा ठराव. एवढी सगळी शांती एकट्या बाईच्या डोक्यावर, आणि स्वतःच्या मनाला मात्र दोन आठवडे शांती नव्हती.

त्याचं कारण पनवेलजवळच्या नेऱ्यात घडलं होतं. विनिताबाईंच्या धाकट्या भावाचं, इनासचं तिथे फार्महाऊस आहे. शनिवार-रविवारी मुंबईचे लोक भाड्याने घेतात, पोहायला तलाव, मागे आंब्याची कलमं, त्यामागे डोंगर. इनास नऊ वर्षांचा असताना आई-बाप वर्षभराच्या अंतराने गेले, तेव्हा विनिताबाई सव्वीसच्या होत्या. पुढचं सगळं त्यांनी केलं. डबे केले, अभ्यास घेतला, आजारपणं काढली. इनास मनाने वाईट नाही, हे त्या कोणालाही सांगायच्या आणि ते खरंही होतं. चर्चच्या सणाला मंडप तोच घालतो, कोणाच्या घरी मयत झालं तर पहिली गाडी त्याची उभी राहते. फक्त डोकं तापलं की त्याला समोरचं काही दिसत नाही. शाळेत त्याने एका मुलाचा दात पाडला होता, तेव्हा विनिताबाई त्याच शाळेत होत्या. मुलगा जिन्यावरून पडला, असं हेडमास्तरांना त्यांनीच सांगितलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून दोघं नेऱ्याला गेली. तरुण मुलांचं एक शिबिर तिथे घ्यावं असा विनिताबाईंचा विचार होता, विषय अर्थातच अहिंसा. गाडीतून उतरल्या उतरल्या इनास विहिरीकडे गेला आणि तिथूनच ओरडला. विहिरीवरची मोटर जागेवर नव्हती.

फार्महाऊस सांभाळायला जैतू होता. वरच्या कातकरी वाडीतला, चाळिशीचा, कमी बोलणारा, चार वर्षांपासून कामाला. तो खराटा हातात घेऊन आला.

"मोटर कुठाय?"

"मला नाय म्हाईत, शेट. मी वाडीवर हुतो दोन दिस. पोरगी आजारी हुती."

"तुला नाही माहीत तर कोणाला? कोणाला विकलीस?"

"नाय शेट. मी चोरी केली नाय."

तलावाकाठच्या छत्रीचा लोखंडी पाइप भिंतीला टेकून ठेवलेला होता. इनासने तो उचलला. पहिला फटका जैतूच्या मांडीवर बसला. तो वळून पळायला गेला, तर दुसरा घोट्यावर. त्याचा जो आवाज आला तो विनिताबाईंनी व्हरांड्यातून ऐकला. हातात पाण्याची बाटली होती. "इनास!" एवढंच त्या ओरडल्या, आणि ते ओरडणंही उशिरा आलं. इनासने पाइप टाकून दिला आणि स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

सरकारी दवाखान्यात जैतूला त्यांनीच नेलं. इनास गाडी लावायला गेला होता. टेबलाशी बसलेल्या डॉक्टरने कागदावरून नजर न काढता विचारलं, "काय झालं?" आणि विनिताबाईंच्या तोंडून निघून गेलं, "पडला. पाण्याच्या टाकीवरून." डॉक्टरने लिहून घेतलं. मग आणणाऱ्याचं नाव विचारलं, तेही त्यांनी सांगितलं. स्ट्रेचरवर जैतू जागा होता. त्याने फक्त मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा छताकडे बघायला लागला.

तिसऱ्या दिवशी हरेशचा फोन आला. हरेश म्हणजे मोटर दुरुस्तीवाला. "इनासशेट, तुमची मोटर झाली वाइंडिंग होऊन, कधी बसवायला येऊ?" मोटर इनासनेच त्याला न्यायला सांगितली होती, फोनवर, आठवडाभर आधी, आणि तो सपशेल विसरला होता. हे त्याने बहिणीला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. जेवला नाही तो त्या दिवशी. पण वाडीवर जायचं म्हटल्यावर म्हणाला, "बाय, आत्ता नको. ते लोक काय करतील सांगता येत नाही. प्लास्टरचं, औषधांचं सगळं मी बघतोय ना? जरा निवू दे."

आता ह्याला काय म्हणायचं? ज्याचा पाय मोडला तो वाडीवर गप्प पडलेला, आणि निवायचं होतं मोडणाऱ्याला. पण विनिताबाईंनीही तेव्हा मान हलवलीच.

खरा घाव बसला तो शांतता समितीच्या बैठकीत. ठराव झाला, बिस्किटं संपली, लोक पांगले आणि ओळखीचे हवालदार जवळ आले. खाजगी गोष्ट सांगावी तसा आवाज लहान करून म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं होतं. नेऱ्याकडचा एक कातकरी आला होता, गोरख म्हणून. भावाचा पाय तुमच्या इनासने मोडला म्हणत होता. आम्ही दवाखान्याचा कागद मागवला. बघतो तर कागदावर पडला असं लिहिलेलं, आणि आणणाऱ्याचं नाव तुमचं! मग काय, प्रश्नच मिटला. म्हटलं, टीचर खोटं बोलणार आहेत का? दिलं परत पाठवून."

हवालदारांना वाटलं आपण मॅडमचं मोठं काम केलं. विनिताबाईंनी आभार मानले आणि बाहेर येऊन चौकीच्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. बत्तीस वर्षांत कमावलेलं नाव, आणि ते पडलं कुठे, तर एका माणसाच्या तोंडावर हात दाबायच्या कामी. त्यांना स्वतःची किळस आली.

तेव्हापासून झोप उडाली ती उडालीच. बोलावं तर इनासवर केस होणार. त्याची दोन पोरं शाळेत, बायको साधी. न बोलावं तर जैतू डोळ्यांपुढून हलत नाही. मंगळवारी दुपारी बाहेरगावचे फादर पापनिवेदनाला बसले होते, त्यांच्याकडे त्या गेल्या आणि जाळीशी गुडघे टेकून म्हणाल्या, "एकदा खोटं बोलले."

"कोणाचं नुकसान झालं त्याने?"

"थोडं," विनिताबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्या फादरांनी पाच प्रार्थना म्हणायला सांगितल्या. त्या त्यांनी दहा मिनिटांत म्हणून टाकल्या आणि जितक्या जड मनाने आल्या होत्या तितक्याच जड मनाने उठल्या. 'थोडं' हा शब्द दिवसभर तोंडात कडू लागत राहिला.

आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, आज्ञा गुरुवारच्या संध्याकाळी, बारा माणसांना वेदीपुढे बसवून फादर त्यांचे पाय धुतात. इतकी वर्षं हे बारा जण चर्चमधलेच असायचे. ह्या वर्षी शांतीचं वर्ष म्हणून विनिताबाईंनी बाहेरची माणसंही घ्यायचं ठरवलं होतं. तरुण फादर एलायस अर्धा दिवस नियम चाळत बसले आणि मग हो म्हणाले. वेणू भाजीवाली होती, उलव्याच्या बांधकामावरचा एक मजूर होता, एक मुसलमान रिक्षावाला, एक नर्स. अकरा नावं झाली होती. बारावी खुर्ची जैतूला द्यायची! साऱ्या चर्चसमोर त्याचा मान होईल, इनास समोर बसलेला असेल, त्याचंही मन वितळेल, मग दोघांना समोरासमोर बसवता येईल. केस नको, कागद नको. विनिताबाईंना एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं वाटावं अशी ती कल्पना नव्हती, पण दोन आठवडे न झोपलेल्या माणसाला कशानेही हलकं वाटतं.

बुधवारी त्या रिक्षा करून नेऱ्याला आणि तिथून चढण चढून वाडीवर गेल्या. जैतू झोपडीच्या पुढ्यात बाजेवर बसला होता, प्लास्टरचा पाय लांब करून. त्याची बायको संजना लाकडं फोडत होती. तिने कोयता खाली ठेवला नाही.

विनिताबाईंनी सगळं समजावून सांगितलं. येशूने आपल्या शिष्यांचे पाय कसे धुतले, गुरू असून कसा वाकला, त्याची आठवण म्हणून फादर कसे गुडघ्यावर बसतात. त्यांनी ते छान सांगितलं, सवयच होती.

"म्हंजे ह्येचं पाय तो फादर धुनार?" संजनाने विचारलं. "कशाला?"

"मान म्हणून. आम्हाला वाटतं की..."

"मोटर घावली ना तुमची? गोरखनं बघितली, इहिरीवर बसवलेली हाय. मंग कुनी सांगाया आलं का वाडीवर, की ह्यो चोर नाय म्हनून?" संजनाचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागत होता. "आता ह्या वाडीतल्या बायांना एकाबी फार्महौसवर कामाला घेत नाय. गेटावरनंच हाकलतात. चोरांची वाडी म्हनतात. पोरगी आश्रमशाळेत हाय, तिथवर गेलंय."

विनिताबाई म्हणाल्या, "म्हणूनच तर. तिथे सगळे बघतील."

जैतूने विचारलं, "शेट येनार काय तिथं?"

"येईल. पुढेच बसतो तो."

"मंग येतो मी," जैतू म्हणाला.

उतरताना विनिताबाईंना वाटलं, काम झालं. शेट येणार का हे त्याने का विचारलं असेल, यावर त्यांनी डोकं चालवलं नाही. समेट घडवायची घाई झालेल्या माणसाला समोरच्याचं ऐकू कमीच येतं.

गुरुवारी संध्याकाळी चर्च खचाखच भरलं. वेदीपुढे बारा खुर्च्या, पांढरे टॉवेल, पितळी तांब्या, घंगाळ. विनिताबाई टॉवेल घेऊन कडेला उभ्या. दुसऱ्या रांगेत इनास, बायको-मुलांसह, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. जैतू येणार हे त्यांनी त्याला सांगितलं नव्हतं. बाजूच्या दारातून गोरखच्या खांद्यावर हात टाकून, कुबडी टेकत जैतू आत आला, मागे संजना. आणि त्याला वेदीकडे येताना पाहिलं तेव्हा कुठे विनिताबाईंच्या ध्यानात आलं.

ह्या विधीत उजवा पाय धुतात. जैतूचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. मातीने मळलेलं, कडेला पिंजलेलं प्लास्टर, त्यातून बाहेर आलेली बोटं. पाय धुण्याच्या मानाला माणूस निवडला तो पाय मोडलेला, आणि निवडला तो पाय मोडला म्हणूनच, तरीही हे डोक्यात आलं नाही! यादीत नाव लिहिलं, खुर्ची मांडली, टॉवेल मोजले. मंडळं आणि समित्या चालवून चालवून माणूस असा होतो.

त्या लगबगीने पुढे झाल्या, खाली वाकून पुटपुटल्या, "जैतू, फादर आले की डावा पाय पुढे कर हं." जैतूने मान हलवली. दुसऱ्या रांगेकडे बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

गाणं सुरू झालं. फादर एलायस गुडघ्यांवर बसत एकेकापुढे सरकू लागले. वेणूने लाजून पदर तोंडाला लावला. रिक्षावाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोक माना उंचावून बघत होते आणि विनिताबाईंच्या हातातले टॉवेल घामाने ओले झाले होते. अकरावी नर्स झाली. गाण्याचं शेवटचं कडवं संपलं. फादर बाराव्या खुर्चीपुढे आले.

जैतूने उजवा पाय पुढे केला. दोन्ही हातांनी मांडी धरून, उचलून, तो त्याने घंगाळाच्या काठावर ठेवला.

फादर गोंधळले. नेऱ्याचा कोणी गरीब मजूर आहे, पडून लागलंय त्याला, एवढंच त्यांना माहीत होतं. तांब्या हातात तसाच धरून त्यांनी मायेने, हळूच विचारलं, "काय झालं पायाला?" पण कॉलरला लावलेला माईक चालूच होता. ते हळूच विचारणं शेवटच्या बाकापर्यंत गेलं.

"बाईंना इचारा," जैतू म्हणाला. तेही सगळ्यांनी ऐकलं. "त्यांनीच लिवून दिलंय कागदावर."

फादरांनी वळून पाहिलं. चारशे घरांच्या माणसांनी पाहिलं. 'पडला' हा शब्द विनिताबाईंच्या जिभेवर तयार होता, जन्मभराच्या सवयीने पुढे येऊन उभा होता. जिन्यावरून पडला. टाकीवरून पडला. आणि त्यांना एकाएकी त्या शब्दाचा असा संताप आला, स्वतःचा आला, त्या टॉवेलांचा आला, की त्यांनी ते सगळे खुर्चीवर टाकून दिले.

"पडला नाही तो," त्या म्हणाल्या. माईकची गरजच पडली नाही. "त्याला मारलं. लोखंडी पाइपने. माझ्या भावाने मारलं, इनासने, चोरीचा आळ घेऊन. चोरी झालीच नव्हती. मी समोर होते. दवाखान्यात मी खोटं सांगितलं."

दुसऱ्या रांगेत इनास उठला. विनिताबाईंना वाटलं, येतोय, पुढे येतोय माझा भाऊ. इनास बाकातून बाहेर आला, क्षणभर वेदीकडे तोंड करून उभा राहिला आणि बाजूच्या दाराने निघून गेला. बाहेर गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं.

जैतूने प्लास्टरचा पाय उचलून खाली घेतला. मग डाव्या पायातली चप्पल काढली, पाय पुढे केला आणि फादरांना म्हणाला, "आता धुवा." फादर एलायसनी पाणी ओतलं. निम्मं पाणी घंगाळाबाहेर सांडलं.

मिस्सा संपल्यावर मंडळाच्या तिघांनी विनिताबाईंना व्हरांड्यात गाठलं. एकाचं म्हणणं, टीचर, आपलं शांती मंडळ, आणि आपणच वातावरण बिघडवायचं? दुसऱ्याचं म्हणणं, घरातलं घरात बोलायचं असतं. तिसरी नुसतीच रडत होती. विनिताबाई त्यांच्यामधून वाट काढत जैतूकडे गेल्या. तो पायरीवर बसला होता.

"उद्या सकाळी चौकीत येशील?" त्यांनी विचारलं. "मी जबाब देते."

"उद्या तुमचा सन हाय ना?" संजना म्हणाली.

"सण नाही," विनिताबाई म्हणाल्या. "उद्या दुखवटा असतो."

गुड फ्रायडेला सकाळी सातला टेकडीवर क्रूसाची वाट, म्हणजे प्रार्थनेची मिरवणूक, निघते. दरवर्षी कर्णा विनिताबाईंच्या हातात असतो. त्यांनी फादरांना फोन केला, तर त्यांना पुढे बोलूच न देता फादर म्हणाले, "कर्णा मी घेतो. तुम्ही जा." मग इनासचा फोन आला. रात्रभर तो कुठे होता हे त्याने सांगितलं नाही. "बाय, चर्चमध्ये बोललीस ते बोललीस. कागदावर नको देऊस. मी पाया पडतो तुझ्या." विनिताबाईंनी फोन ठेवला आणि बेसिनपाशी उभं राहून ओकाऱ्या काढल्या. उपवास होता, पोटात काहीच नव्हतं.

चौकीत तेच हवालदार होते. "मॅडम, बैठक तर मंगळवारी आहे," ते हसून म्हणाले. मग मागून कुबडी टेकत येणारा जैतू आणि संजना त्यांना दिसली आणि हसू आवरलं.

"बैठकीला नाही आले. जबाब द्यायला आले. दवाखान्याच्या कागदावर मी खोटं लिहायला लावलं होतं."

हवालदारांनी बराच वेळ समजावलं. खोटं सांगितल्याचं तुमच्यावरही येईल, म्हणाले. येऊ दे, त्या म्हणाल्या. शेवटी त्यांनी कागद पुढे ओढला. "हं. नाव?"

"विनिता बस्त्याव कोरिया."

"मारणाऱ्याचं पूर्ण नाव?"

"इनास बस्त्याव कोरिया."

हवालदारांचं पेन मधल्या नावावर थांबलं. त्यांनी वर पाहिलं आणि लिहिलं. "तारीख, वेळ सांगा आता."

"आधी एक वाक्य लिहा," विनिताबाई म्हणाल्या. "जैतूने कसलीही चोरी केली नाही. तो चोर नाही."

"मॅडम, ते नंतर येईल. जबाबाची एक पद्धत असते."

"पद्धत तुमची बरोबर आहे. पण हे आधी लिहा."

लिहिणं तासभर चाललं. हवालदारांनी सगळं वाचून दाखवलं. जैतू लक्ष देऊन ऐकत होता. संपल्यावर तो पुढे वाकला. "ते कुठं लिवलंय? चोर नाय ते?"

विनिताबाईंनी ओळ दाखवली. जैतूला वाचता येत नव्हतं, तो संजनाला म्हणाला, "बघ." संजना चौथीपर्यंत शिकलेली. तिने कागद जवळ ओढला, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जोडत, मोठ्याने, सगळ्या चौकीला ऐकू जाईल असं ती ओळ वाचली. पुरी झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. पंधरवड्यात पहिल्यांदा जैतूचा चेहरा हलला. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तो रडायला लागला.

विनिताबाईंनी सही केली. त्यांच्या पर्समध्ये फोन वाजत होता. इनासचाच.

"बाय, कुठे आहेस?"

"चौकीत. सही झाली माझी."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. लहानपणी ताप चढला की तो असाच श्वास घ्यायचा.

"मी आता काय करू, बाय?"

"तू ये इथे. जैतूही आहे. मी थांबते."

"किती वेळ थांबशील?"

"तू येईपर्यंत."

फोन पर्समध्ये टाकून त्या बाकाकडे वळल्या. बाक लहान होता, जैतूचा पाय लांब पसरलेला. संजनाने जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि मग सरकून जागा केली.